ऑक्टोबरातलं सेलम: कोणकोण जाऊन आलंय? अनुभव लिहा

दुपारचा_चहा:
काल दुकानाबाहेर शेवंतीच्या कुंड्या मांडलेल्या दिसल्या आणि २०१७ चा ऑक्टोबर आठवला. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी बॉस्टनला आली होती. फॉल, म्हणजे पानगळीचे रंग दाखवायला तिला जवळच्या सेलम गावी नेलं. एसेक्स स्ट्रीटवर मुंगीला वाट नाही, हॅलोविनसाठी जो तो चेटकिणीच्या काळ्या टोकदार टोपीत. लेकीलाही एक घेतली. मग चार्टर स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीशेजारच्या स्मारकात शिरलो. १६९२ मध्ये इथे चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालवून ज्यांना मारलं, त्यांचं स्मारक. दगडी भिंतीतून पुढे आलेले वीस ग्रॅनाइटचे बाक, प्रत्येकावर नाव, मरण कसं आलं ते, आणि तारीख. मी वाचून आईला मराठीत सांगत गेले. ब्रिजेट बिशप, फाशी, १० जून १६९२. जाइल्स कोरीच्या बाकावर मात्र फाशी नाही, दाबून मारलं असं कोरलंय. म्हातारा कोर्टापुढे बोलेना म्हणून अंगावर दगड रचत गेले.
आई म्हणाली, "म्हणजे चेटकीण यातली एकही नव्हती?" मग जरा वेळाने, "आमच्या आळीत होती एक. म्हणजे लोक म्हणायचे. आम्ही पोरी तिच्या दारावरून पळत जायचो."
सकाळी अंबाड्यात खोचलेलं शेवंतीचं फूल काढून तिने बाकावर ठेवलं. लेक टोपी घालून शेजारी उभी.

बॉस्टनकर:
गाडी नेऊ नका!! ऑक्टोबरात पार्किंग मिळतच नाही. नॉर्थ स्टेशनवरून लोकल, अर्धा तास. आम्ही स्ट्रोलर घेऊन उभ्याने गेलो, तरी ट्रेनच बरी.

कडीपत्ता७:
काकूंचं वाचून गलबललं. नमस्कार सांगा त्यांना.

ओसरी:
आम्ही डॅनव्हर्सला राहतो. सेलम व्हिलेज म्हणजे हेच, सगळं सुरू झालं ते इथे. त्या खटल्यांत फाशी गेलेल्या रिबेका नर्सचं घर अजून आहे, जरूर बघा, तिथे गर्दीही नसते. ७१ वर्षांची बाई. ज्युरीने आधी निर्दोष म्हटलं होतं, मग फेरविचार करायला लावला. तिला एक प्रश्न विचारला, ऐकू कमी यायचं, ती गप्प राहिली. तेच तिच्यावर शेकलं. माझ्या सासूबाईंना ऐकू येत नाही, त्या नुसत्या हसतात आणि समोरच्याला वाटतं कळलं. मी त्या घरात फार वेळ थांबू शकले नाही.

रानमेवा:
ऑक्टोबर म्हटलं की सफरचंदं! पीबडीच्या ब्रूक्सबी फार्मवर झाडावरून तोडायची आणि गरम सायडर डोनट. आम्ही दरवर्षी ते करून मगच सेलम.

बॉस्टनकर:
डोनट +१

हिशेबनीस:
हॅलोविनचा आणि त्या खटल्यांचा तसा संबंध नाही हो. शेवटच्या आठ फाशा २२ सप्टेंबरला झाल्या आणि २९ ऑक्टोबर १६९२ ला गव्हर्नर फिप्सने ते खास कोर्टच मोडलं. मला ऑक्टोबरात तिथे गेलं की ही तारीख आठवते.

पाटी_पेन्सिल:
आम्ही रात्रीची भुतांची टूर घेतली होती, कुठली ते लिहीत नाही. लहान मुलांना चालेल म्हणाले. मुखवटेवाला अंगावर धावला, मुलगा पाच वर्षांचा, महिनाभर दिवा लावून झोपला. सहाच्या आतल्या मुलांना दिवसाच न्या.

कडीपत्ता७:
अरेरे. आता बरा आहे ना?

पाटी_पेन्सिल:
हो गं, आता आठवीत आहे. आणि बघ, त्याच खटल्यांत दोषी ठरवलेल्या एलिझाबेथ जॉन्सन ज्युनियरचं नाव २०२२ मध्ये कलंकमुक्त झालं ना, ते नॉर्थ अँडोव्हरच्या आठवीच्या मुलांनी त्यांच्या बाईंबरोबर पाठपुरावा केला म्हणून. ३२९ वर्षांनी! लेकाला तेच सांगितलं.

जहाजी:
पीबडी एसेक्स म्युझियम कुणी लिहिलंच नाही. सेलमची जहाजं मुंबई-कलकत्त्याला यायची, सुमात्राहून मिरी आणायची. १७९९ मध्ये त्या जहाजांच्या कप्तानांनी संस्था काढली, त्यातून हे म्युझियम. हुसेन वगैरेंची चित्रंही आहेत तिथे. पाऊस आला तर थेट तिकडे.

ओसरी:
दुपारचा_चहा, तुमच्या आईंची ती आळीतली बाई मनातून जात नाही. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ उजाडलं, तेही दाभोलकरांचा खून झाल्यावर.

दुपारचा_चहा:
आईला त्या बाईचं नाव आठवत नाही. परवा फोनवर पुन्हा विचारलं. लोक जे म्हणायचे तेवढंच आठवतं म्हणाली.

रानमेवा:
हॅलोविनचा भोपळा उरला तर घारगे करता येतात का? यंदा दोन आणलेत.

कडीपत्ता७:
कोरायचा मोठा नको, पाणचट आणि दोऱ्यादोऱ्यांचा असतो. लहान शुगर पंपकिन घे. किसून गुळात शिजवायचा, मग मावेल तेवढीच कणीक. पाणी अजिबात नको.

रानमेवा:
गूळ किती?

कडीपत्ता७:
दोन वाट्या किसाला एक. थांब, कुकर झाला, येते.