दहा विकेटनी हरलो. आता किती वाईट वाटून घ्यायचं?

थर्डमॅन (२५ ऑक्टोबर २०२१)

काल रात्री दुबईत टी-ट्वेंटी वर्ल्ड कपात पाकिस्तानविरुद्ध जे झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. आपल्या ७ बाद १५१, त्यांच्या बिनबाद १५२, तेही १३ चेंडू राखून. टी-ट्वेंटीत आपण दहा विकेटनी कधीच हरलो नव्हतो. वर्ल्ड कपात पाकिस्तानकडून तर बारा सामन्यांत एकदाही नाही. तेव्हा चरफड होणार, ती मलाही झाली.

पण सकाळपासून जे वाचतोय त्याने डोकं उठलंय. संघाला विमानात बसवून परत आणा म्हणे. कोहलीने सामन्यानंतर पाकिस्तानच्या रिझवानला हसत मिठी मारली, तो गुन्हा. शमीच्या इन्स्टाग्रामवर लोकांनी त्याचा धर्म काढून जे लिहिलंय ते इथे उतरवणार नाही.

गटात पाच सामने आहेत, हा पहिला. गेले ते दोन गुण. नामिबियाकडून हरलो असतो तरी दोनच गेले असते. आणि समोरचे अफलातून खेळले, हे म्हणायला जीभ का अडखळते? शाहीनचा रोहितला टाकलेला चेंडू परत बघा. पहिलाच चेंडू, फुल, वेगात आत आलेला, बॅट खाली येईपर्यंत पॅडवर. पायचीत. पुढच्या ओव्हरला राहुलचा त्रिफळा. २ बाद ६. तिथून १५१ झाल्या त्या कोहलीच्या ५७ आणि पंतच्या ३९ मुळे. जरा भान ठेवूया, एवढंच म्हणणं आहे.

---

गल्लीतला सलामीवीर

भान ठेवा हे आपल्याकडे फक्त हरल्यावर आठवतं. जिंकलो असतो तर तुम्ही "दोनच गुण मिळालेत मंडळी, उड्या मारू नका" असा धागा काढला असता का? पंधरा दिवस टीव्हीवर पाकिस्तानला चिडवणारी 'मौका मौका' जाहिरात चालू होती, तेव्हा भान कुठे होतं? आधी ढोल बडवायचे आणि हरल्यावर "अहो, खेळच तो" म्हणायचं, ही सोयीची समजूत आहे.

शमीच्या बाबतीत शंभर टक्के सहमत, तो विषयच वेगळा. पण त्याच्या आडून संघाला सूट नको. हार्दिक बॉलिंग करत नाही हे अख्ख्या आयपीएलमध्ये दिसत होतं, तरी त्याला निव्वळ फलंदाज म्हणून खेळवला. सहावा गोलंदाज नाही. अश्विन बाहेर, चहल तर संघातच नाही. मला राग याचा आहे आणि तो ठेवणार.

---

सिलीपॉइंट

@थर्डमॅन, बारापैकी एक (२००७, डर्बन) टाय होता. बोल-आउटवर, म्हणजे बरोबरीनंतर रिकाम्या स्टंपांवर चेंडू मारून, जिंकलो होतो. बाकी चालू द्या.

---

दीपश्री

शमीचं जरा आकड्यांत बोलते. ३.५ ओव्हर, ४३ धावा. महाग पडला, मान्य. पण विकेट पाचही जणांना शून्य. बुमराला शून्य, जडेजाला शून्य, भुवीला शून्य, वरुणला शून्य. मग शिव्या एकालाच का? याचं उत्तर क्रिकेटमध्ये नाही, आणि ते कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

२०१५ च्या वर्ल्ड कपात ॲडलेडला पाकिस्तानच्या चार विकेट याच माणसाने काढल्या होत्या, ३५ धावांत. गेल्या डिसेंबरात त्याच ॲडलेडला ऑस्ट्रेलियाच्या कमिन्सच्या चेंडूवर याचाच हात मोडला, म्हणून तर आपला डाव ३६ वर संपला. आता सचिन, सेहवाग त्याच्या बाजूने बोललेत. बरं झालं. पण ते बोलावं लागलं हीच नामुष्की. दहा विकेटची हार त्यापुढे काहीच नाही.

---

आबा ऑफस्पिन

तुम्हा मुलांना एक जुनी गोष्ट सांगतो. १९८२-८३ चा पाकिस्तान दौरा. सहा कसोट्या, ३-० ने हरलो. इम्रानने मालिकेत ४० विकेट काढल्या. हैदराबादला (त्यांच्या सिंधमधल्या) मुदस्सर आणि मियाँदाद यांनी ४५१ ची भागी केली, मियाँदाद नाबाद २८०. आम्ही रेडिओला कान लावून बसायचो आणि दिवसभर विकेटच पडायची नाही. कालची रात्र साडेतीन-चार तासांत आटोपली. तो दौरा महिनोन् महिने चालला होता.

आणि तो संपल्यावर पाचच महिन्यांत लॉर्ड्सच्या गॅलरीत कपिलच्या हातात वर्ल्ड कप होता. त्या दौऱ्यात एकटा मोहिंदर इम्रानपुढे छातीवर चेंडू घेत पाचशेच्या वर धावा करून आला. फायनलचा सामनावीर कोण, ते वेगळं सांगायला नको. म्हणून म्हणतो, धीर धरा. हरलेल्या संघातच पुढचं सगळं असतं.

---

गल्लीतला सलामीवीर

आबा, मान राखून सांगतो, उदाहरण तुमचं आणि मुद्दा माझा. त्या दौऱ्यानंतर "धीर धरा" म्हणून कोणी गप्प बसलं नाही. गावसकरांची कॅप्टनशिप गेली, ती कपिलकडे आली, आणि मग ८३ झालं. ॲडलेडच्या ३६ नंतरही तेच. मेलबर्नला चार बदल केले. गिल आणि सिराज पहिल्यांदा खेळले, पंत आणि जडेजा आत आले, अजिंक्यने कॅप्टन म्हणून शतक ठोकलं. हार मनाला लावून घेतली म्हणून जिंकलो. नुसतं भान ठेवून कोणी ब्रिस्बेनच्या गॅबावर कसोटी जिंकत नाही.

---

आबा ऑफस्पिन

मनाला संघाने लावून घ्यावी. तुम्ही-आम्ही घेऊन काय दिवे लावतो ते १९७४ ला पाहिलंय. ७१ ला वेस्ट इंडीज आणि इंग्लंड जिंकून आला तेव्हा वाडेकर आमचा देव होता. इंदूरला विजयाची भलीमोठी काँक्रीटची बॅट उभारली. तीन वर्षांनी लॉर्ड्सला ४२ त सगळे बाद झाले, मालिका ३-० गेली, आणि त्याच बॅटला काळं फासलं. वाडेकरच्या घरावर दगड आले, आपल्या मुंबईत. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्याला काढलं, तेव्हा तो खेळणंच सोडून मोकळा झाला. तेव्हा कुठे होतं हो तुमचं इन्स्टाग्राम?

---

नागपूरकर

आबा +१. चेतन शर्माचंही घ्या. शारजात ८६ ला शेवटच्या चेंडूवर मियाँदादने सिक्स मारला आणि पोरगं जन्मभराचं बदनाम झालं. वीस वर्षांचं होतं ते. पुढच्याच वर्षी आमच्या नागपुरात त्याने न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली, वर्ल्ड कपातली पहिलीवहिली. तिन्ही दांड्या उडवल्या. पण त्याचं नाव काढलं की लोकांना आठवतो तो सिक्सच. तसं शमीचं होऊ नये म्हणजे झालं.

---

मिडविकेट

तुम्ही सगळे फार सभ्य आहात ब्वा. चीड येणं हे प्रेमाचंच लक्षण आहे. काल माझ्या शेजाऱ्यांनी पॉवरप्लेनंतर टीव्ही बंद करून जेवणं उरकली, त्यांना भान होतं असं म्हणायचं का? भान नव्हतं, त्यांना काही पडलेलीच नव्हती. मी शेवटच्या चेंडूपर्यंत बसलो. मला वाईट वाटायचा हक्क आहे आणि दोन दिवस मी कोणाचं ऐकणार नाही.

आणि त्या मिठीबद्दल. मला खरंच खटकली. हरल्यावर दहा मिनिटांत हसू येतं कसं?

---

दीपश्री

वाईट वाटून घ्या की, कोण नको म्हणतंय. दोन दिवस कशाला, आठवडा घ्या. पण मिठीचं पटलं नाही. त्या माणसाने ४९ चेंडूंत ५७ काढून किल्ला लढवला, मग १८ ओव्हर दवाने ओला झालेला चेंडू हातात धरून बघत राहिला. त्याला किती लागलं असेल हे तुम्ही-आम्ही सोफ्यावरून मोजायचं? रिझवानने नाबाद ७९ केल्या. चांगलं खेळलास म्हणाला, झालं. चेन्नईच्या चेपॉकला ९९ ला काय झालं होतं? सचिन पाठ धरून १३६ काढून गेला, १७ हव्या होत्या, उरलेल्या तीन विकेट ४ धावांत पडल्या. १२ धावांनी हरलो. आणि अख्खं स्टेडियम उभं राहून पाकिस्तानसाठी टाळ्या वाजवत होतं, त्यांनी मैदानाला फेरी मारली. तेव्हा त्या लोकांचं प्रेम कमी होतं का?

---

गल्लीतला सलामीवीर

चेपॉक सगळे सांगतात. लगेच पुढच्या फेब्रुवारीत कोलकात्याच्या ईडनवर काय झालं ते कोणी सांगत नाही. सचिन शोएबला धडकून रनआउट झाला, बाटल्या-दगड सुरू झाले आणि शेवटी स्टँड रिकामे करून कसोटी संपवावी लागली. तेच आपण, तोच प्रतिस्पर्धी, महिनाही झाला नव्हता. तेव्हा "आपलं प्रेक्षक कसं सुसंस्कृत" हे जरा जपून. दगडांचं समर्थन करत नाहीये, आधीच सांगतो.

---

थर्डमॅन

@सलामीवीर, हार्दिक आणि सहाव्या गोलंदाजाचं पूर्ण मान्य. तीच चर्चा हवी आहे. टॉस आणि दवाचंही बोला, दुबईत रात्री दुसऱ्यांदा बॅटिंग करणाऱ्याला सोपं जातं हे सगळ्यांना दिसतंय. पण तेही पुरतं कारण नाही, त्यांनी एक संधी दिली नाही हो. बाबर आणि रिझवान अठरा ओव्हर नुसते चेंडूच्या लायकीप्रमाणे खेळले. आता रविवारी न्यूझीलंड आहे, तो खरा सामना.

---

*(१ नोव्हेंबर)*

गल्लीतला सलामीवीर

धागा वर काढतोय. न्यूझीलंडविरुद्ध ७ बाद ११०. त्यांनी १४.३ ओव्हरमध्ये दोन विकेट देऊन केल्या. रोहितला तिसऱ्या नंबरवर पाठवून इशानला सलामीला आणलं, तो बोल्टने काढला. शाहीननंतर पुन्हा डावखुरा गोलंदाज. थर्डमॅन साहेब, आता किती गुण गेले म्हणायचे?

---

थर्डमॅन

चार. आणि हे दोन जास्त महागाचे आहेत.

आता एक गंमत बघा. पाकिस्तानविरुद्ध हरलो तेव्हा स्पर्धा आपल्या हातात होती. काल हरलो तेव्हा ती गेली. आता आपण उरलेले तिन्ही मोठ्या फरकाने जिंकायचे, वर अफगाणिस्तानने न्यूझीलंडला हरवावं म्हणून देव पाण्यात घालायचे. म्हणजे नुकसान कालचं मोठं. तरी आज सकाळी कोणी कोणाला देशद्रोही म्हणालं का? कोणाच्या धर्मापर्यंत गेलं का? नाही. ऑफिसात "सिलेक्शन चुकलं यार" म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

२०१९ ची मँचेस्टरची सेमीफायनल यांनीच घालवली. यंदा जूनमध्ये साउदॅम्प्टनला टेस्ट चॅम्पियनशिपची गदा यांनीच नेली. मोठ्या स्पर्धांत गेली अठरा वर्षं आपण या संघाला हरवू शकलेलो नाही. खरा हिशेब मांडायचा तर डोकेदुखी न्यूझीलंड आहे. पण त्यांच्याकडून हरल्यावर आपण क्रिकेट हरतो, पाकिस्तानकडून हरल्यावर भलतंच काहीतरी हरतो. मी भान म्हणत होतो ते याबद्दल.

---

नागपूरकर

न्यूझीलंडचं काढलंच आहे तर २०१६ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप पण घ्या. आमच्या जामठ्यात १२७ हव्या होत्या, ७९ त खेळ खल्लास. मी स्टँडमध्ये होतो. लोक गुपचूप बसस्टॉपकडे चालत सुटले. समोर पाकिस्तान असता तर बसगाड्या धड राहिल्या असत्या का, देव जाणे.

---

मिडविकेट

थर्डमॅन, हे सगळं बरोबर असेल, पण म्हणून मला न्यूझीलंडचं तितकंच वाईट वाटायला हवं असा काही नियम आहे का? काही सामन्यांना वजन असतंच. ॲशेसमध्ये ऑस्ट्रेलियाकडून हरलेल्या इंग्रजाला जाऊन सांगा, बांगलादेशकडून हरलात तरी सारखंच. तो तुम्हाला बारमधून बाहेर काढेल. वैर आहे म्हणून तर मजा आहे. ते काढून टाकलंत की उरतो गुणतक्ता.

मात्र शनिवारी कोहली शमीबद्दल जे बोलला ते ऐकलं. धर्मावरून कोणावर तुटून पडणं ही माणसाने करावी अशी सगळ्यात हीन गोष्ट आहे, असं स्पष्ट म्हणाला. कॅप्टनने असंच बोलायला हवं होतं. मिठीचं मी मागे घेत नाही, पण हे त्याच्या खाती मोठं जमा.

---

थर्डमॅन

वजन हवंच की. मजाही हवी. वजन खेळाडूच्या बॅटवर असू दे, त्याच्या घरच्यांवर नको. बस.

---

सिलीपॉइंट

@नागपूरकर, धावा १२७ बरोबर, हार ४७ धावांची. लिहायचं राहिलं तुमचं.

---

आबा ऑफस्पिन

भांडून झालं असेल तर बुधवारच्या सामन्याचं बोला. अफगाणिस्तान, अबुधाबी. माझं एकच म्हणणं, अश्विनला खेळवा. ऑफस्पिनर म्हणून सांगत नाहीये.

---

गल्लीतला सलामीवीर

नाव बघता विश्वास बसत नाही आबा. पण अनुमोदन.