मदत हवी आहे: दारूच्या दुकानानं गावाचं उत्पन्न वाढतं का? (बेळगाव तालुका)

मार्कंडेयकाठ
नमस्कार. मी बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रस्त्याकडच्या एका गावातून लिहिते. पुढच्या ग्रामसभेत मला उभं राहून बोलायचं आहे. आकडा एक जरी चुकला तरी पुढचं कुणी ऐकून घेणार नाही, म्हणून आधी इथं विचारते.

गावाच्या तोंडाला दारूचं दुकान येणार अशी बोलणी चालू आहेत. कोण म्हणतं तालुक्यातलाच जुना परवाना इकडं हलवणार, कोण म्हणतं लिलावातला नवा. सीएल-2 म्हणजे दुकान आणि सीएल-9 म्हणजे बार, यांचे नवे परवाने आपल्याकडं कर्नाटकात 1992 पासून बंद होते. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात शिल्लक परवाने ई-लिलावानं देणार असं आलं आणि तेव्हापासून इथं प्रत्येकाला जागा दिसू लागली आहे.

पंचायतीतले एक सदस्य बायकांच्या बैठकीत म्हणाले, "दुकान आलं की उत्पन्न वाढेल. गृहलक्ष्मीचे पैसे येतात कुठून वाटतं तुम्हाला?" गृहलक्ष्मी म्हणजे घरातल्या बाईला राज्य सरकारकडून दरमहा मिळणारे पैसे. सगळ्या गप्प झाल्या. मीसुद्धा.

घरी येऊन जमेल तेवढं वाचलं. राज्याचा 2025-26 चा अर्थसंकल्प 4,09,549 कोटींचा, त्यात अबकारीचं, म्हणजे दारूवरच्या कराचं, उद्दिष्ट 40,000 कोटी. गृहलक्ष्मीसारख्या सरकारच्या पाच गॅरंटी योजनांना 51,034 कोटी. म्हणजे अर्थसंकल्पातल्या शंभरातले जवळपास दहा रुपये दारूचे. सदस्यांचं बोलणं अगदीच खोटं नाही, हे मला मान्य करावं लागतं.

पण आमच्या स्त्रीशक्ती संघातल्या (बचत गटातल्या) एकीचा हिशेब तिला विचारून लिहिते. नवरा शिनोळीच्या एमआयडीसीत रोजंदारीला जातो. येताना रोज दीडशेची पितो. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर 3,750 रुपये. गृहलक्ष्मीचे तिला 2,000 मिळतात. वर्षाला घरात येतात 24,000 आणि घरातून जातात 45,000. मधली तूट ती संघाच्या कर्जातून भरते आणि हप्ता चुकला की बाकीच्या सतरा जणींना तोंड द्यावं लागतं. आत्ता दुकान लांब आहे, तेव्हा ही गत. दारात आलं तर काय?

2007 साली सारायी, म्हणजे पाकिटातली देशी दारू, बंद झाली तेव्हा सासूबाईंनी देवाला नारळ फोडला होता. पाकिटं गेली खरी, पण त्याच हातांत आता नव्वद मिलीचे कागदी खोके आहेत.

मला समजून घ्यायचं आहे ते असं: दुकानाच्या पैशातलं पंचायतीला नेमकं काय मिळतं? दुकान वाढलं की सरकारचा महसूल खरोखर वाढतो का? आणि हरकत कशी घ्यायची? कागद सगळे कन्नडमध्ये आहेत. मला वाचता येतं, पण कायद्याची भाषा कळत नाही.

जुना लेखनिक
ताई, हिशेब नीट मांडलात. अबकारीचा पैसा सगळा राज्याच्या तिजोरीत जातो, त्यातला हिस्सा म्हणून पंचायतीच्या खात्यात काही पडत नाही. पंचायतीला त्या इमारतीची घरपट्टी मिळेल. तिथं किराणा दुकान असतं तरी ती मिळालीच असती. सदस्यांना हे पहिल्यांदा विचारा.

दुसरं. महसुलातला मोठा भाग बाटलीवरच्या शुल्कातून येतो, परवाना फी त्या मानानं थोडी. 2003 पासून सगळा माल राज्याच्या बेव्हरेजेस महामंडळातूनच दुकानांत जातो. तेव्हा गावात एक दुकान वाढलं तर फी तेवढी वाढली. बाकीचा महसूल वाढायचा तर कुणीतरी जादा प्यायला हवं. दारू जीएसटीत नाही, दर ठरवणं राज्याच्या हातात आहे, म्हणून कुठल्याच सरकारला हा पैसा सोडवत नाही.

जादा गिऱ्हाईक कुठलं, तेही सांगतो. जून 2025 मध्ये महाराष्ट्रानं लिटरमागं 260 रुपयांपर्यंत निर्मितीखर्चाच्या, भारतात बनणाऱ्या विदेशी दारूवरचं शुल्क त्या खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. तिकडं दारू महागली की गिऱ्हाईक इकडं वळणार; हद्दीवरच्या जागेला भाव आला तो त्यामुळं, असं माझं मत आहे.

चंदगडची लेक
वहिनी, कुणीतरी तुम्हाला आडव्या बाटलीचं सुचवेल. आमच्याकडं पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं आणि निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद. पण तो महाराष्ट्राचा नियम. तो फॉर्म छापून सह्या घेत बसू नका, तुमच्या डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात त्याला किंमत नाही. उलट हातातले दिवस जातील.

निपाणीकर
तुमच्याकडं 1967 चे अबकारी परवाना सर्वसाधारण अटींचे नियम आहेत. त्यातला पाचवा वाचा. देऊळ, शाळा, दवाखाना, सरकारी कार्यालय यांपासून 100 मीटरच्या आत परवाना देता येत नाही. राज्य किंवा राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून 220 मीटरचं अंतर लागतं. दलित वस्तीबद्दलही अट आहे. भावनेचं पत्र लिहाच, पण सोबत अंतराचा नकाशा जोडा. आणि माहिती अधिकारात विचारा: परवाना कुठला, अर्ज कोणत्या जागेसाठी, पंचायतीनं ठराव दिलाय का. फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत. अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत चालतो.

मार्कंडेयकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही सहा जणी विहिरीचा दोर घेऊन गेलो. पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) शिपायाला साक्षीला घेतलं. शाळेच्या फाटकापासून ती जागा 91 मीटर भरते, पण वर्गाच्या भिंतीपासून 117. निपाणीकर दादा, अंतर फाटकापासून धरतात की इमारतीपासून? आणि सरळ रेषेत की चालायच्या वाटेनं? ग्रामसभेच्या आधी एवढं सांगा.