मदत हवी आहे: बाळाच्या जीन रिपोर्टमध्ये 'व्हीयूएस' आलंय, म्हणजे नक्की काय?

घाईतला_बाप:
रिपोर्ट आला. वर ठळक अक्षरात 'जॅग१ : व्हीयूएस', खाली तीन पानं डोक्यावरून जाणारी. लॅब म्हणते डॉक्टरांना विचारा, डॉक्टर दोन आठवड्यांनी भेटणार. वर आता आम्हा दोघांचंही रक्त मागताहेत. आम्ही ठणठणीत आहोत, आमचं कशाला? आजार आहे की नाही, एवढंच सांगा. लिंका नकोत, वाचून वाचून डोकं फिरलंय.

आजोबा_ऑनलाइन:
काविळीसाठीच केली ना तपासणी? सकाळचं कोवळं ऊन दाखवा. आमच्या नातवाची त्यानेच उतरली.

लॅबवाली:
बाळ केवढं आहे? डायरेक्ट बिलिरुबिन (काविळीच्या पिवळ्या द्रव्याचा यकृताने प्रक्रिया केलेला भाग) किती? शीचा रंग? हृदय, डोळे, मणके तपासलेत का? यातलं काहीच न लिहिता हो की नाही कसं सांगणार?
आजोबा, प्रकाशाचा उपयोग इनडायरेक्ट, म्हणजे यकृताने प्रक्रिया न केलेल्या, बिलिरुबिनला होतो. यकृतातून पित्तच पुढे सरकत नसेल तर ऊन काय करणार!

कासवछाप:
शी पांढरट असेल तर बिलिअरी अट्रेझिया असू शकतो, म्हणजे पित्तनलिका बंद पडलेल्या. कसाई ऑपरेशन (आतडं थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करतात ते; कसाई हे जपानी सर्जनचं नाव) ६० दिवसांच्या आत झालं तर उत्तम. भाचीच्या वेळी आम्ही घाई केली म्हणून निभावलं. जीन-बीन नंतर बघा.

घाईतला_बाप:
कसाईचं कोणी विचारलंय? चार महिन्यांचा आहे. बायोप्सीत पित्तनलिका कमी दिसल्या, अट्रेझिया नाही हे केव्हाच ठरलंय. डायरेक्ट ६.८. खाज इतकी की हातमोजे घालून झोपवतो, तरी कानामागे ओरखडे. हृदयात मर्मर (ठोक्यांसोबत जादा आवाज) आहे, किरकोळ म्हणाले. छातीच्या एक्सरेत मणक्याचंही काहीतरी लिहिलंय, पण त्याचा यकृताशी काय संबंध?

लॅबवाली:
अहो, हेच आधी लिहायचं! एक्सरेच्या रिपोर्टमध्ये 'बटरफ्लाय व्हर्टिब्रा' (फुलपाखरासारखा दिसणारा मणका) असे शब्द आहेत का बघा.
जॅग१ची एक प्रत बिघडली की अलाजील सिंड्रोम होतो. गर्भात पित्तनलिका, फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या, मणके या सगळ्यांच्या घडणीत हे जनुक लागतं, म्हणून मर्मर आणि मणके विचारले. व्हीयूएस म्हणजे बदल सापडलाय, पण तो घातक की निरुपद्रवी हे ठरवायला पुरावा कमी पडतोय. निम्मा आजार असा अर्थ काढू नका. जनुक मध्येच तुटलेलं असतं तर निकाल सहसा लगेच लागतो, प्रथिनातला एकच घटक (अमिनो आम्ल) बदलला की घोडं अडतं.
आता तुमचं रक्त. निम्म्याहून अधिक मुलांत हा बदल नव्याने झालेला असतो. तुम्हा दोघांत तो नसेल तर पारडं आजाराकडे झुकतं. एकात निघाला तर 'ठणठणीत' असण्यावर जाऊ नका. एकाच घरात एकाला प्रत्यारोपण लागतं आणि दुसऱ्याच्या बुबुळाच्या कडेला स्लिट लॅम्पखाली (डोळ्यांच्या डॉक्टरांचा सूक्ष्मदर्शक) फक्त पांढरी रेघ दिसते.

तिरकस:
ती रेघ धडधाकट माणसांतही असते, मला आहे. आणि हे व्हीयूएसवाले दोन वर्षांनी रिपोर्ट फिरवतात, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

लॅबवाली:
रेघेचं बरोबर, म्हणून एकट्या तिच्यावर निदान होत नाही. रिपोर्ट मात्र फिरायलाच हवेत. जॅग१चा अलाजीलशी संबंध १९९७ मध्ये कळला, तो शोधणाऱ्यांपैकी एका गटात फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या नॅन्सी स्पिनर होत्या. २०२४ मध्ये जॅग१च्या २,८३२ बदलांची पेशींत चाचणी झाल्याचं प्रसिद्ध झालं. तुमचा बदल त्यात आहे का, आणि वर्गीकरण करताना तो निष्कर्ष धरला का, हे लॅबला लेखी विचारा.

जुना_सभासद:
यकृत द्यायला बाप सर्वात चांगला. रक्तगट जुळतो का?

लॅबवाली:
प्रत्यारोपणाचा विषय कुणी काढलाय? सगळ्यांना लागत नाही. पण वेळ आलीच तर हाच बदल असलेल्या पालकाचं यकृत घेताना डॉक्टर दहादा विचार करतील. रक्त देण्याचं हेही एक कारण.

घाईतला_बाप:
'बटरफ्लाय' असंच लिहिलंय. उद्या दोघं रक्त देतोय. खाजेला काय?

लॅबवाली:
मॅरॅलिक्सिबॅट. अमेरिकेत २०२१ मध्ये अलाजीलच्या खाजेसाठी मंजूर झालं, २०२३ पासून तीन महिन्यांच्या बाळालाही. तोवर अर्सो, रिफाम्पिसिन ही औषधं, पण डोस डॉक्टरच ठरवतील. त्याआधी हे सांगा, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चालू आहेत का? पित्त आतड्यात पोचत नाही तेव्हा ही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत, आणि के कमी पडलं तर रक्तस्राव होतो. पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) शेवटचं कधी केलं?

घाईतला_बाप:
फाईलमध्ये बायोप्सीच्या आधीचंच आहे, नंतरचं नाही. ड चालू आहे, के नाही. अपॉइंटमेंटची वाट बघत नाही, वॉर्डला फोन लावतोय.