दुबईच्या फेऱ्यांचे माइल्स साठलेत, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आईला शारजाला न्यायचंय. जमेल का?

केळीवाला_सावदा:

राम राम मंडळी. आमचा केळीचा धंदा. माल न्हावाशेव्याहून आखातात जातो आणि मागोमाग मलाही अधूनमधून दुबईला जावं लागतं. फोनवर समोरचा म्हणतो, पेटी उघडली तर फणीला डाग आहेत, रंग नाही, भाव तोडा. तोच माणूस अल अवीरच्या मंडईत आपण पेटीशेजारी उभे राहिलो की चहा मागवतो आणि डागांचं नावही काढत नाही. त्यामुळे जाणं चुकत नाही.

जातो बहुतेक एमिरेट्सने, कधी स्वस्त मिळालं तर फ्लायदुबईने. भागीदाराच्या पोराने मागे स्कायवर्ड्सचं, म्हणजे एमिरेट्सच्या माइल्स योजनेचं, खातं उघडून दिलं होतं. प्रवास केला की त्यात माइल्स नावाचे गुण जमतात. परवा ॲप उघडलं तर त्यात दोन आकडे. एक स्कायवर्ड्स माइल्स, चाळीस हजारांच्या वर. दुसरा टिअर माइल्स, तो बराच कमी. खाली लाल अक्षरात, यातले काही 30 जूनला संपणार. 30 जूनच का, हे काही उमगलं नाही. मार्चअखेर म्हटलं असतं तर समजलो असतो.

आता मूळ गोष्ट. धाकटी बहीण शारजाला दिली आहे. यंदा आखाजीला तिला माहेरी येता येणार नाही, दिवस भरत आलेत. आईने जाहीर केलं, लेक येत नाही तर मीच जाते, गौराई सूनबाई बसवेल. आई आजवर विमानात बसलेली नाही. मी सोबत असेनच. माझ्या माइल्सवर आईचं तिकीट निघतं का? की ज्याचे माइल्स त्यानेच बसायचं?

आणखी एक. काही फेऱ्यांची तिकिटं मुंबईच्या एका पार्टीने घाऊक काढली होती, त्यांचे माइल्स खात्यात दिसतच नाहीत. बोर्डिंग पास सगळे आहेत, मालाच्या पावत्यांच्या फायलीत लावलेले. ते माइल्स मिळतील की गेले?

घरात दुसराही पक्ष आहे. सौ.चं म्हणणं, तिकीट रोखीने काढा आणि माइल्सवर घरात काहीतरी वस्तू येऊ द्या. जाणकारांनी सांगावं, म्हणजे वाद मिटेल.

---

तिकीट_खिडकी_जळगाव:

भाऊ, आधी 30 जूनचं सांगतो. तुमची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 1 जून आहे ना? आपल्याकडे अर्ध्या गावाची असते, गुरुजींची कृपा. स्कायवर्ड्सचे माइल्स मिळाल्यापासून तीन वर्षं चालतात आणि संपतात ते तुमच्या वाढदिवसाच्या महिन्याच्या शेवटी. म्हणून तुमचा जून. आखाजी त्याआधीच येते, पण तिकीट आत्ताच काढा. त्या दिवसांत शाळांना सुट्ट्या लागतात, माइल्सवरच्या जागा मोजक्या असतात आणि त्या आधी संपतात.

दोन आकड्यांचं असं. स्कायवर्ड्स माइल्स खर्चायचे. टिअर माइल्स खर्चता येत नाहीत, त्यावर तुमचा दर्जा ठरतो. सगळे ब्लूपासून सुरू होतात, 25 हजारांना सिल्व्हर, 50 हजारांना गोल्ड. आईच्या तिकिटाला माइल्स वापरले म्हणून दर्जा खाली येत नाही, निर्धास्त राहा.

आईचं तिकीट तुमच्या खात्यातून निघतं. घरच्यांसाठी, मित्रांसाठी, कोणासाठीही काढता येतं. पण तिकीट फुकट असतं हा समज काढून टाका. कर, विमानतळाची फी, कंपनी लावते ते अधिभार, हे सगळं रोख भरावं लागतं. माझ्या काउंटरवर दर सुट्टीत एक तरी माणूस यावरून तावातावाने बोलतो.

वहिनींच्या वस्तूचं बोलायचं तर तुम्ही व्यापारी, भाव काढून बघा. समजा दुबईचं जाऊन-येऊन तिकीट रोखीने 28 हजार आहे. माइल्सवर काढलं तर 40 हजार माइल्स आणि वर 8 हजार रुपये. म्हणजे वाचले 20 हजार, एका माइलला 50 पैसे. आता त्याच 40 हजार माइल्सवर 10 हजारांची वस्तू आली तर माइलला 25 पैसे. आकडे माझ्या मनाचे आहेत, ज्या दिवशी काढाल त्या दिवशीचे टाकून हाच हिशोब करा. वस्तू आणि व्हाउचरचा भाव तिकिटापेक्षा वर गेलेला मी तरी पाहिला नाही. वहिनींना माझं नाव सांगू नका.

माइल्स तिकिटात दोन भाव असतात. सेव्हर कमी माइल्समध्ये, पण जागा थोड्या. फ्लेक्सला माइल्स जास्त लागतात, जागा सापडतात. सेव्हर मिळेना तर कॅश प्लस माइल्स बघा, थोडे माइल्स आणि बाकी पैसे. पण त्यातही माइलला किती पैसे पडले ते काढा.

राहिलेल्या फेऱ्यांचं. बोर्डिंग पास ठेवलेत हे फार बरं. वेबसाइटवर सुटलेले माइल्स मागायचा फॉर्म असतो. त्यात ई-तिकिटाचा 13 आकडी नंबर लागतो. एमिरेट्सचा 176 ने सुरू होतो, एअर इंडियाचा 098 ने. नंबर पासवर बारीक अक्षरात असतो, चष्मा लावून शोधा. मुदत मात्र असते, बहुतेक कंपन्यांची सहा महिने, काहींची वर्ष. जुन्या फेऱ्या सोडा, ताज्या आज रात्रीच टाका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाव. खात्यावर जे नाव आहे तेच तिकिटावर लागतं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव. पोराने खातं उघडताना नुसतं नाव-आडनाव टाकलं असेल तर मशीन म्हणतं, हा माणूस वेगळा. आडनाव पाटील, चौधरी किंवा महाजन असेल तर बघायलाच नको. आधी खात्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या, मग फॉर्म भरा.

---

भुसावळचे_नाना:

मी रेल्वेत होतो, आयुष्य पासावर काढलं, त्यामुळे माइल्सचं मला कौतुक नाही. जावई मात्र भक्त. त्याने किंगफिशरच्या किंग क्लबमध्ये असेच जमवले होते, पुढे मोठं फिरायला जाऊ म्हणून. 2012 मध्ये विमानंच बंद पडली. जेट एअरवेज 2019 च्या एप्रिलमध्ये थांबली, पण तिच्या माइल्सची कंपनी वेगळी होती म्हणून ती इंटरमाइल्स नावाने राहिली, नाहीतर तेही बुडाले असते. आणि कंपनी चालू असली तरी आज 40 हजारांत मिळतं ते उद्या 50 हजारांत मिळेल, त्यांना कोण विचारणार? बापू, कापणीवर आलेला घड तुम्ही बागेत उभा ठेवता का? काढा तिकीट, म्हातारीला न्या.

---

अमळनेरची_लेक:

मी सध्या फ्रँकफर्टला. तिकीट_खिडकी दादांनी बाकी सगळं सांगितलंच आहे, मी माझ्या गरजेचं बोलते. एमिरेट्स कुठल्याच अलायन्समध्ये, म्हणजे विमान कंपन्यांच्या गटात, नाही. त्यामुळे दादा, तुम्ही उद्या युरोपात माल पाठवायला लागलात आणि लुफ्थान्सा किंवा एअर इंडियाने आलात तर ते माइल्स स्कायवर्ड्समध्ये जाणार नाहीत. लुफ्थान्सा, एअर इंडिया, सिंगापूर, युनायटेड हे सगळे स्टार अलायन्समधले. एअर इंडिया त्यात 2014 ला आली. यांच्यापैकी एकाच कंपनीत खातं ठेवलं आणि बाकीच्यांच्या तिकिटांवर तोच नंबर टाकला की सगळं एका जागी साठतं. मी आधी जिने जाईन तिचं खातं उघडत होते, प्रत्येकात चिल्लर पडून राहायची. आता एकच.

कोणत्या कंपनीत उघडायचं हे मुदतीवर ठरवा. वर्षातून एकदाच प्रवास असेल तर तीन वर्षांत संपणारे माइल्स पुरेसे जमतच नाहीत. युनायटेडने 2019 पासून मुदत काढून टाकली आहे. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरचे तीन वर्षांनी जातात, आणि तिथे दुसऱ्याचं तिकीट काढायचं तर आधी त्याचं नाव नॉमिनी म्हणून नोंदवावं लागतं, फक्त पाच जण. सासू-सासऱ्यांना घातलं की आई-वडिलांना जागा पुरते की नाही हा प्रश्न आमच्या घरी झाला आहे, उत्तर इथे लिहिणार नाही.

तुमच्यासाठी एक सोपं: स्कायवर्ड्समध्ये माय फॅमिली म्हणून सोय आहे, घरातले आठ जण एकत्र माइल्स जमवू शकतात. ताई-भाऊजी शारजाहून येतात-जातात, त्यांनाही विचारा.

---

धरणगावचा_सोन्या:

काय भो, एवढं दुबईचं चाललंय, आपल्या जळगावच्या विमानाचे माइल्स भेटतात का? मी मुंबईला अलायन्स एअरने गेलो, एअर इंडियाच्या खात्यात काही पडलं नाही.

---

तिकीट_खिडकी_जळगाव:

नाही भेटत सोन्या. अलायन्स एअर पूर्वी एअर इंडियाची होती, पण जानेवारी 2022 मध्ये टाटांनी एअर इंडिया घेतली तेव्हा ती सरकारकडेच राहिली. आता तिकीटही वेगळं निघतं. एअर इंडियाची योजना आता महाराजा क्लब, पूर्वी फ्लाइंग रिटर्न्स होती ती. 2024 पासून तिथे अंतरावर नाही, तिकिटाला किती पैसे मोजले त्यावर पॉइंट पडतात. विस्तारा विमान कंपनीवाल्यांचे पॉइंटही नोव्हेंबर 2024 मध्ये तिकडेच गेले. जळगावहून विमानाने जा, वेळ वाचतो, पण माइल्सच्या आशेने नको.

---

केळीवाला_सावदा:

सगळ्यांचे आभार. नाना, घडाचं बरोबर बोललात. जन्मतारीख 1 जूनच आहे, दाखला आमच्या पाटील गुरुजींचाच.

काल रात्री बसलो. खात्यावर वडिलांचं नाव नव्हतं, ते दुरुस्त करायला टाकलं. ताज्या फेऱ्यांचे पास काढले, 176 वाला नंबर सापडला, फॉर्म भरले. आईसाठी सेव्हर जागा जाताना दिसते, येताना आम्हाला हव्या त्या आठवड्यात नाही. येतानाची फ्लेक्समध्ये घेतो. हिशोब काढला, तरीही माइलला वस्तूपेक्षा जास्तच पडतात. सौ. गप्प आहेत, म्हणजे प्रकरण मिटलेलं नाही.

एक विचारायचं राहिलं. माझं तिकीट रोखीचं, आईचं माइल्सचं. एकाच विमानात शेजारी बसता येईल ना? आईला एकटी बसवली तर ती हवाई सुंदरीला गावाकडचं सगळं सांगत बसेल.

---

तिकीट_खिडकी_जळगाव:

येईल. पण दोन वेगळे पीएनआर होतील. दोन्ही काढून झाल्यावर कंपनीला फोन करून सांगा की हे दोघं एकत्र आहेत, एकमेकांची नोंद करून ठेवा. वेळ बदलली तर एकालाच दुसऱ्या विमानात टाकू नयेत म्हणून. तुमच्या रोखीच्या तिकिटावर स्पेशल, सेव्हर, फ्लेक्स, फ्लेक्स प्लस असे भाव दिसतील. जागा तीच, जेवण तेच, पण माइल्स आणि रद्द करायच्या अटी वेगळ्या. स्पेशलला माइल्स सगळ्यात कमी. आईच्या माइल्स तिकिटावर नवे माइल्स पडत नाहीत, तेव्हा तिचं खातं उघडायची घाई नको.

पैसे भरायच्या आधी आईचा पासपोर्ट मात्र बघा. जुन्या बायकांच्या पासपोर्टवर कधी नुसतं एकच नाव असतं, आडनावाची जागा कोरी. नोव्हेंबर 2022 पासून यूएई तशा पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा देत नाही. माझ्याकडे एरंडोलच्या एक आजी तिकीट काढून बसल्या होत्या, शेवटी पासपोर्टच नवा करावा लागला. व्हिसाचे पैसेही वेगळे, ते माइल्समध्ये येत नाहीत.

आणि बिबड्या (ज्वारीचे पापड) नेणार असालच, तर डब्यात घालून हातातल्या बॅगेत घ्या. लोणचं मोठ्या बॅगेत, बरणीला दोन पिशव्या.

---

केळीवाला_सावदा:

पासपोर्ट बघितला. नाव, वडिलांच्या जागी आबांचं नाव, आडनाव, सगळं आहे. उद्या सकाळी तिकीट काढतो. बिबड्यांची ज्वारी कालच भिजत घातली आहे.