मदत हवी आहे: पीसी चालू होत नाही, अर्जंट!!

चिपळूणकर_डीटीपी
पीसी चालू होत नाहीये. बटण दाबलं की पंखा अर्धा गरका मारतो आणि बंद. परवा मंडळाची वर्गणीची पावतीपुस्तकं द्यायची आहेत, फाईल आतच अडकली आहे. दुकानवाल्याने न उघडताच सांगितलं मदरबोर्ड गेला, नवीन टाका. खरंच बोर्ड गेला असेल का? लवकर सांगा.

रॅमघाशा
रॅम काढा, सोनेरी पट्टी खोडरबरने घासा, परत लावा. बरेच पीसी एवढ्यावर सुरू होतात.

गरम_सोल्डर
एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कुठला, किती वॅटचा, किती जुना? बीप येतो का? बोर्डावरचा छोटा दिवा लागतो का?

चिपळूणकर_डीटीपी
रॅम घासली, काही फरक नाही. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला, वर ४५० वॅट लिहिलंय. सहा-सात वर्षं झाली. बीप नाही. दिवा लागतो पण लुकलुकतो.

बॅटरीबहाद्दर
सीमॉस बॅटरी बदला. ती गोल, सीआर २०३२. माझ्या मेहुण्याचा पीसी अगदी अस्साच करत होता.

गरम_सोल्डर
बॅटरी गेली तर तारीख-वेळ चुकेल, फार तर सेटिंग उडतील, पंखा गरका मारून थांबणं हे लक्षण वेगळं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. डीटीपीवाले दादा, पीसी अजिबातच चालू होत नाही का कधीतरी होतो?

घाटावरची
पावतीपुस्तकांसाठी पीसी कशाला लागतो, आमच्या मंडळाची मोबाईलवर केली.

चिपळूणकर_डीटीपी
@घाटावरची ताई, तुम्ही करा की मोबाईलवर. माझी फाईल पेजमेकरात (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) आहे, जुन्या फाँटमध्ये.
@गरम_सोल्डर हो, होतो ना चालू. सकाळी नऊला दुकान उघडतो तेव्हा होत नाही, मग दहा-पंधरा वेळा बटण दाबत बसायचं, साडेदहा-अकरापर्यंत होतो. एकदा झाला की रात्रीपर्यंत काही त्रास नाही. आज मात्र बारा वाजले तरी नाही म्हणून लिहिलं. हे मी वर लिहिलं नव्हतं का?

गरम_सोल्डर
नव्हतं!! हेच तर मुख्य आहे. अजून एक सांगा, रात्री भिंतीवरचं बटण बंद करून जाता का?

चिपळूणकर_डीटीपी
अर्थात. इकडे पावसात लाईट दिवसातून चारदा जाते आणि विजा कडाडतात, चालू कोण ठेवणार. हे जुलैपासूनच करतोय. आणि त्रासही जुलैपासूनच, आत्ता लक्षात आलं.

पेजमेकरप्रेमी
दादा ती फाईल युनिकोडमध्ये करून घ्या आधी. मी सगळं जुनं काम इनडिझाईनला नेलं, रफार सोडून सगळं नीट आलं. रफारासाठी मात्र हाताने

गरम_सोल्डर
रफार नंतर. दादा, तुमचा बोर्ड बहुतेक ठणठणीत आहे, दुकानवाल्याला पैसे देऊ नका. एसएमपीएसमध्ये एक भाग असतो तो पीसी बंद असतानाही चालू असतो, भिंतीवरून करंट आहे तोवर. त्यातून ५ व्होल्ट बोर्डाला मिळत राहतात, जांभळी वायर, त्यावरच तो छोटा दिवा जळतो आणि बटण ऐकलं जातं. या भागातले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) कायम गरम राहून आतून सुकतात. सुकलेला कपॅसिटर थंड असताना जवळपास निकामी, थोडा तापला की परत जीव धरतो. आधी भिंतीचं बटण कायम चालू असायचं म्हणून तो कधी गारच पडत नव्हता आणि दुखणं कळत नव्हतं. आता तुम्ही रोज रात्री त्याला गार करता. सकाळी पंधरा वेळा बटण दाबून पीसी चालू होतो असं तुम्हाला वाटतं, खरं तर तेवढ्या वेळात तो तापतो.

मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचा) आहे का? डीसी २० वर ठेवा. २४ पिनांचा मोठा कनेक्टर बोर्डालाच राहू द्या, मागच्या बाजूने काळी काडी काळ्या वायरीत, लाल काडी जांभळीत. ४.७५ ते ५.२५ मध्ये हवं. मग हिरव्या वायरीवर लावा, बटण दाबल्यावर ती शून्याजवळ आली तर बटण आणि बोर्ड आपलं काम करतायत, चोर एसएमपीएस.

क्लिपवाला
एवढं कशाला, एसएमपीएस बाहेर काढा, कनेक्टर सोडवा, हिरवी आणि काळी यूपिनने जोडा. पंखा फिरला तर एसएमपीएस ओके. पाच सेकंदात निकाल.

गरम_सोल्डर
पंखा ९ व्होल्टवरही फिरतो भाऊ. त्याने फक्त एसएमपीएस पूर्ण मेलेला नाही एवढं कळतं. लोड नसताना सगळेच शहाणे.

क्लिपवाला
मी दहा वर्षं असंच करतो, कोणाची तक्रार नाही.

गरम_सोल्डर
तक्रार करायला त्यांचा पीसी चालू व्हायला हवा ना.

चिपळूणकर_डीटीपी
भांडू नका, मीटर आणला शेजारच्या वाइंडिंगवाल्याकडून. जांभळीवर ४.२, तेही स्थिर नाही, ३.९ ते ४.३ नाचतंय. हिरवी बटण दाबल्यावर शून्यावर येते. मग बायकोचा हेअर ड्रायर आणून मागच्या जाळीतून लांबूनच पाच-सात मिनिटं गरम हवा दिली, तर आकडा हळूहळू चढत ४.८ ला गेला आणि बटण दाबल्या दाबल्या चालू!! पावत्यांची फाईल आधी पेनड्राईव्हवर घेतली. मीटर लावताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येत होत्या पण ते पहिल्यापासून येतात, ते सोडा.

निवृत्त_वायरमन
ते कसं सोडा? पहिल्यापासून झिणझिण्या म्हणजे त्या प्लगला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगतो. करंट अगदी थोडा म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण उद्या आत फेज पत्र्याला टेकली तर फ्यूज उडणार नाही, तुम्ही उडाल. पावसात ओल्या फरशीवर अनवाणी बसत असाल तर जास्तच. थ्री पिनचं वरचं मोठं भोक रिकामं आहे का बघा.

चिपळूणकर_डीटीपी
टू पिन ॲडॉप्टर लावलाय काका.

निवृत्त_वायरमन
🙏

क्लिपवाला
आता दुरुस्ती वगैरे नको, सरळ नवीन घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढीगभर मिळतात.

गरम_सोल्डर
यावर माझं एकमत, पण ढिगातला नको. दादा, स्टिकरवर ४५० लिहिलंय त्याखालचा तक्ता वाचा. १२ व्होल्टपुढे किती ॲम्पिअर?

चिपळूणकर_डीटीपी
१४ए.

गरम_सोल्डर
१२ गुणिले १४, १६८ वॅट. हे तुमचे ४५०. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड सगळं त्या १२ वरच चालतं. नवीन घेताना हाच आकडा बघा आणि हातात वजन घेऊन बघा. दुरुस्त करायचाच असेल तर जाणकाराकडूनच. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट राहू शकतात. स्वतः उघडून बोटं घालू नका.

बॅटरीबहाद्दर
पण बॅटरी बदलून बघितली का?

चिपळूणकर_डीटीपी
अपडेट. आमच्या आळीत एक टीव्ही दुरुस्तीवाले काका आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी आधी मोठा कपॅसिटर बल्ब लावून रिकामा केला, मग प्लेट उलटी केली. जांभळ्या वायरीच्या मुळाशी १००० मायक्रोफॅरड १० व्होल्टचे दोन कपॅसिटर, डोकी भाकरीसारखी टम्म फुगलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट काहीतरी सांडलेलं. १६ व्होल्टचे, १०५ डिग्रीवाले टाकले. दोघांचे मिळून तीस रुपये आणि काकांनी मजुरी घेतलीच नाही, म्हणाले पावतीपुस्तकावर मंडळाचं नाव नीट छाप. मुद्दाम रात्रभर बंद ठेवला, आज सकाळी जांभळीवर ५.०६ आणि पहिल्या बटणाला चालू. सध्या हाच वापरतो, नवीन पुढच्या महिन्यात. पुस्तकं छापून गेली. @गरम_सोल्डर दादा खूप आभार.

निवृत्त_वायरमन
आणि अर्थिंग?

चिपळूणकर_डीटीपी
गणपती झाले की बघतो काका. तोवर चप्पल घालून बसतोय.