क्रूझवर आजारपण आले तर? ठाणे आणि नवी मुंबईतील प्रवाशांचे अनुभव (अनुभव धागा)

ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक कुटुंबे आता सुट्टीसाठी क्रूझचा पर्याय निवडू लागली आहेत. कोणी बॅलार्ड पिअरवरून गोवा किंवा लक्षद्वीपला जाते, कोणी सिंगापूरहून जहाज पकडते, तर कोणी अमेरिकेत मुलांकडे गेल्यावर तिथून समुद्रप्रवास जोडून घेते. चौकशी करताना केबिनला खिडकी आहे का आणि जैन जेवण मिळते का, हे आपण आवर्जून विचारतो. परंतु रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले किंवा ओल्या डेकवर पाय घसरून हाड मोडले, तर त्या जहाजावर कोणते उपचार होऊ शकतात, हे मात्र क्वचितच विचारले जाते. जहाजावरचा दवाखाना हे रुग्णालय नसते. रुग्णाची प्रकृती स्थिर करून त्याला पुढच्या बंदरापर्यंत सुखरूप नेणे हे त्याचे मुख्य काम असते, आणि ते काम किती चांगले होईल हे बऱ्याच अंशी रुग्ण किती लवकर तिथे पोहोचतो यावर ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना स्वतःला किंवा घरातील कोणाला समुद्रप्रवासात उपचार घ्यावे लागले, त्यांनी कृपया येथे लिहावे. त्रास कधी सुरू झाला, कोणाला कळवले, निर्णय कोणी घेतला, पैसे कसे भरले आणि कोणती कागदपत्रे लागली, हे क्रमाने आले तर इतरांना त्याचा उपयोग होईल. जहाज कंपनी, विमा कंपनी किंवा रुग्णालय यांची नावे लिहू नयेत.

खारघर

माझी आई सत्तरी ओलांडलेली आहे. भूमध्य समुद्रातील क्रूझवर रात्री केबिनच्या बाथरूममधून बाहेर येताना तेथील उंच उंबरठ्याला तिचा पाय अडकला आणि ती उजव्या कुशीवर पडली. उठता येईना, म्हणून तिला हलवण्याचा प्रयत्न न करता आम्ही केबिनमधील फोनवरून आपत्कालीन क्रमांक लावला. काही मिनिटांतच परिचारिका आणि स्ट्रेचर घेतलेले कर्मचारी आले. खालच्या डेकवरील वैद्यकीय कक्षात एक्स-रे काढला गेला आणि खुब्याचे हाड मोडल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी वेदनाशामक इंजेक्शन दिले, पाय स्थिर केला आणि अतिशय शांतपणे सांगितले की ही शस्त्रक्रिया जहाजावर होऊ शकत नाही, ती शक्य तितक्या लवकर व्हायला हवी, आणि सकाळी जहाज बार्सेलोनाला लागेल तेव्हा आईला उतरवावे लागेल.

त्यानंतरचे तास औषधोपचारापेक्षा कागदपत्रांच्या धावपळीत गेले. आमचे पासपोर्ट रिसेप्शनवर जमा होते, ते परत घ्यावे लागले. केबिनचा हिशेब पूर्ण करावा लागला, कारण क्रेडिट कार्ड माझ्या नावावर होते आणि मीही आईबरोबर उतरणार होते. केबिन सांभाळणाऱ्या तरुणाने आमच्या सर्व बॅगा भरून दिल्या. त्याचे उपकार मी विसरणार नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो, त्यामुळे आमच्याकडे विमा होता. मात्र त्या कागदावरील मदत क्रमांकावर आम्ही जहाजावरूनच फोन केला, हे निर्णायक ठरले. जहाजाच्या डॉक्टरांचा अहवाल आणि एक्स-रे विमा कंपनीला रात्रीच ईमेलने गेले, आणि रुग्णालयाला खर्चाची हमी देणारे पत्र आम्ही तिथे पोहोचल्यावर थोड्याच वेळात मिळाले. सकाळी गँगवेजवळ (जहाजातून उतरण्याच्या जिन्याजवळ) रुग्णवाहिका आणि जहाज कंपनीचा बंदरावरील एजंट उभे होते. एजंटाने रुग्णालयात नोंदणी करून दिली, दुभाष्याची व्यवस्था केली आणि तो गेला; संध्याकाळी जहाजही निघून गेले.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. परतीच्या वेळी विमान कंपनीने डॉक्टरांचे प्रवासयोग्यतेचे प्रमाणपत्र मागितले, आणि रक्त गोठू नये म्हणून घ्यायची इंजेक्शने बरोबर नेण्यासाठी वेगळी चिठ्ठी लागली. आमच्या व्हिसाचे दिवस संपत आले होते; वैद्यकीय कारणास्तव मुदत वाढवून मिळते, परंतु अर्ज मुदत संपण्यापूर्वी करावा लागतो. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की विमा कंपनीचा मदत क्रमांक फोनमध्ये आणि कागदावर, असा दोन्हीकडे लिहून ठेवावा.

कोपरी, ठाणे

वरील अनुभवाला विमा दाव्यापुरती पुरवणी जोडतो. माझ्या पत्नीला न्यूमोनिया झाला आणि जहाजावरच उपचार पूर्ण झाले, त्यामुळे तेथील खर्च प्रथम आम्हीच भरला. जहाजावरचे उपचार प्रवाशांसाठी विनामूल्य नसतात. तपासणी, औषधे, सलाइन हे सर्व केबिनच्या खात्यावर चढत जाते आणि शेवटच्या दिवशी कार्डावरून वसूल होते. त्या अंतिम हिशेबात 'वैद्यकीय' अशी एकच ओळ असते. विमा कंपनीला मात्र तपशीलवार बिल, डॉक्टरांचा सही-शिक्क्याचा अहवाल, तपासण्यांचे निकाल आणि पैसे भरल्याचा पुरावा लागतो. ही सर्व कागदपत्रे उतरण्यापूर्वी वैद्यकीय कक्षातूनच मागून घ्यावीत. विम्याच्या अर्जात पत्नीचा जुना दमा लिहिला होता, म्हणून दावा अडला नाही.

नेरूळ (क्रूझवर परिचारिका म्हणून काम केलेली)

मी मुंबईतील अतिदक्षता विभागात काही वर्षे काम करून नंतर जहाजावर गेले. तिथे जाण्यासाठी असा अनुभव लागतोच, कारण समुद्रात मदतीला तज्ज्ञ येत नाहीत. मोठ्या जहाजांवर डॉक्टर आणि परिचारिकांचे पथक असते. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी तपासणी होते आणि आपत्कालीन सेवा चोवीस तास असते. अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यक डॉक्टरांच्या संघटनेने क्रूझ जहाजांसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली आहेत आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या ती पाळतात. त्यानुसार ईसीजी, एक्स-रे, रक्ताच्या मूलभूत तपासण्या, व्हेंटिलेटर, हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध उपलब्ध असते. सर्वसाधारणपणे नसते ते एमआरआय, अँजिओप्लास्टीची सोय आणि रक्तपेढी. गंभीर रक्तस्राव झाल्यास काही जहाजांवर सहप्रवासी आणि कर्मचाऱ्यांमधून रक्तदाते शोधले जातात, म्हणून प्रत्येकाने आपला रक्तगट लिहिलेला कागद जवळ ठेवावा.

वैद्यकीय कक्ष खालच्या डेकवर असण्यामागे कारण आहे. तिथे जहाजाचे डोलणे कमी जाणवते आणि स्ट्रेचर थेट गँगवेपर्यंत किंवा छोट्या बोटीपर्यंत नेता येते. अनेक जहाजांवर ध्वनिक्षेपकावरून 'कोड अल्फा' ऐकू आला, तर त्याचा अर्थ कोणाला तरी तातडीची वैद्यकीय मदत लागली आहे असा असतो. अशा वेळी जिने आणि लिफ्ट मोकळ्या सोडाव्यात.

मला सर्वांत जास्त सांगावेसे वाटते ते वेळेबद्दल. आपल्याकडील प्रवासी बिलाच्या धास्तीने किंवा 'सहप्रवाशांची सहल कशाला बिघडवायची' या संकोचाने थांबतात. संध्याकाळी छातीत जळजळ होत असताना ते अॅसिडिटीची गोळी घेतात आणि पहाटे घामाघूम होऊन खाली येतात. मधल्या काळात जहाज बंदरापासून शेकडो किलोमीटर दूर गेलेले असते. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे औषध जितके लवकर मिळेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो; शिवाय बंदर जवळ असताना कळले तर कप्तानाला मार्ग बदलण्याचा पर्याय उरतो. हेलिकॉप्टर बोलावणे हा सोपा मार्ग नाही. अंतर, वारा, रात्रीचा अंधार, रुग्णाला दोराने वर खेचण्याचा धोका, हे सर्व पाहून कप्तान, डॉक्टर आणि किनाऱ्यावरील तटरक्षक दल मिळून निर्णय घेतात. हेलिकॉप्टरमध्ये नातेवाइकांना बहुधा जागा नसते, हेही आधी माहीत असलेले बरे. आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ हा समन्वय तटरक्षक दलाच्या मुंबई येथील सागरी बचाव समन्वय केंद्रातून होतो. १५५४ हा तटरक्षक दलाचा मदत क्रमांक आहे.

हृदयरुग्णांनी आपल्या जुन्या ईसीजीची प्रत आणावी, ही माझी दुसरी विनंती. नवीन ईसीजीतील बदल आजचा आहे की दहा वर्षांपूर्वीचा, हे त्या एका कागदावरून ठरते.

पाचपाखाडी, ठाणे

मला मधुमेह आहे आणि मी इन्सुलिन घेतो. सिंगापूरहून निघालेल्या जहाजावर चढताना मोठ्या बॅगा बंदरावरच घेतल्या गेल्या आणि त्या रात्रीच्या जेवणाच्या सुमारास केबिनच्या दारात आल्या. इन्सुलिन, सुया आणि साखर तपासण्याचे यंत्र हातातल्या पिशवीत होते, म्हणून दुपारची मात्रा चुकली नाही. केबिनमधील छोटा फ्रिज पुरेसा थंड होत नव्हता. वैद्यकीय कक्षाने इन्सुलिन त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून घेतले आणि वापरलेल्या सुयांसाठी बंद डबा दिला.

पुढे बंदरावर उन्हात बरेच चालणे झाले आणि परतल्यावर साखर एकदम उतरली. तेथील डॉक्टर दक्षिण आफ्रिकेचे होते. आपल्याकडील गोळ्यांची ब्रँडची नावे त्यांना ओळखीची नव्हती. माझ्या मुलीने निघण्यापूर्वी आमच्या डॉक्टरांकडून औषधांच्या मूळ घटकांची नावे आणि मात्रा इंग्रजीत लिहून घेतली होती, तो कागद त्यांनी लगेच वाचला आणि रात्रीची मात्रा कमी करून दिली. ज्यांचा प्रवास दुबईमार्गे आहे त्यांनी हेही लक्षात घ्यावे की कोडीन आणि ट्रॅमाडॉल असलेल्या औषधांवर तिथे कडक नियंत्रण आहे; खोकल्याच्या किंवा दुखण्याच्या औषधात ती आहेत का, हे आधी पाहून घ्यावे.

नौपाडा, ठाणे (फॅमिली डॉक्टर)

मुंबई–गोवा प्रवासाला निघालेले रुग्ण माझ्याकडे बहुतेक वेळा एकाच कारणासाठी येतात: बोट लागू नये म्हणून गोळी हवी असते. ती गोळी जहाज हलू लागण्याच्या आधी घ्यावी, उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. प्रोमेथॅझिन असलेल्या गोळ्यांनी झोप येते, तोंडाला कोरड पडते, आणि ज्यांना प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास आहे त्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. केबिन निवडता येत असेल तर जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी. किनारा सुटल्यावर काही वेळातच मोबाइलचे नेटवर्क जाते. 'काही झाले तर तुम्हाला फोन करू' असे सांगून गेलेले रुग्ण मला तिथून फोन करू शकत नाहीत, म्हणून सूचना लेखी घेऊन जाव्यात.

घोडबंदर रस्ता, ठाणे

मियामीहून निघालेल्या जहाजावर आमच्या धाकट्या मुलाला मध्यरात्री उलट्या आणि जुलाब सुरू झाले. आम्ही लगेच कळवले. डॉक्टरांनी नोरोव्हायरसचा संशय व्यक्त केला, पाणी कमी होऊ नये म्हणून क्षारयुक्त द्रावण दिले आणि त्याला केबिनमध्येच ठेवण्यास सांगितले; त्रास थांबल्यानंतरही एक पूर्ण दिवस बाहेर पडता आले नाही. मुलाला वाईट वाटले, पण हा नियम मला योग्य वाटतो. एका बंद जहाजावर हजारो माणसे एकाच भोजनगृहात जेवत असतात. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात थांबवलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावरील सुमारे ३,७०० प्रवासी आणि कर्मचाऱ्यांपैकी ७०० हून अधिक जणांना कोविडची लागण झाली होती, हे आपण पाहिलेले आहे. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांवर पोटाच्या विकाराचे प्रत्येक प्रकरण नोंदवावे लागते, आणि प्रमाण ३ टक्क्यांवर गेले की ते जाहीर होते. परिचारिकेने एक गोष्ट वारंवार सांगितली: हाताला लावायच्या अल्कोहोलच्या जेलने हा विषाणू नीट जात नाही, साबण आणि पाण्यानेच हात धुवावेत.

सीवूड्स (निवृत्त नौवहन अधिकारी)

मी मालवाहू जहाजांवर काम केले. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार २००६ नुसार शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि सामान्यतः तीन दिवसांहून लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजावर डॉक्टर असणे बंधनकारक आहे. आमच्यासारख्या वीस-पंचवीस माणसांच्या जहाजावर डॉक्टर नसे. प्रशिक्षण घेतलेला अधिकारी औषधपेटी सांभाळत असे आणि रेडिओवरून सल्ला घेत असे. रोम येथे १९३५ मध्ये स्थापन झालेले केंद्र आजही जगभरच्या जहाजांना असा सल्ला विनामूल्य देते. क्रूझवर काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या पालकांना हे माहीत असावे की याच करारामुळे कर्मचाऱ्यांच्या उपचारांचा खर्च जहाजमालकावर असतो, आणि कामावर असताना आलेल्या आजारपणात किमान सोळा आठवडे वेतनाची जबाबदारीही त्याच्यावर राहते.

वाशी

माझ्या बहिणीला सहावा महिना लागला आहे आणि वडिलांचे डायलिसिस सुरू आहे. सर्वांनी मिळून क्रूझला जाण्याचा विचार आहे. हे शक्य आहे का, हे नेरूळच्या ताईंनी कृपया सांगावे.

नेरूळ

बहिणीबाबत बहुतेक कंपन्यांचा नियम असा आहे की प्रवासाच्या कोणत्याही दिवशी गर्भारपणाचा चोविसावा आठवडा सुरू झालेला असता कामा नये. तुम्ही परतीची तारीख धरून आठवडे मोजावेत, आणि आत्ताच्या स्थितीत ती सहल बहिणीसाठी पुढे ढकलावी असेच मी सुचवेन. वडिलांसाठी नेहमीच्या वैद्यकीय कक्षात डायलिसिसची सोय गृहीत धरू नये. काही सहलींवर वेगळे पथक आणि यंत्रे घेऊन तशी व्यवस्था केली जाते, परंतु तिची नोंदणी बरीच आधी करावी लागते. कंपनीच्या विशेष गरजा विभागाला त्यांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांचे पत्र जोडून लेखी विचारावे, आणि लेखी होकार हातात येईपर्यंत आगाऊ रक्कम भरू नये.