अनुभव धागा: गल्लीतल्या मेडिकलवर भागणारी केसांची निगा (नाशिककरांनी लिहा!)

केसांवर हजारो रुपये उडवायची सोय कॉलेज रोडला पावलोपावली आहे. हा धागा त्यासाठी नाही. मेडिकल नाहीतर किराणा दुकानातल्या वस्तूंवर तुमचं कसं भागतं ते लिहा. पाणी नळाचं की बोअरचं हेही सांगा, त्याशिवाय सल्ल्याला अर्थ नाही. सुरुवात मी करते.

माझी भिस्त साध्या खोबरेलावर. न्हायच्या आधी लांबीला चोळायचं, टाळूला नाममात्र. 2003 साली खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल (पेट्रोलियमपासून काढलेल्या) तेलाची तुलना करणारा एक अभ्यास छापून आला होता. धुताना केसातलं प्रथिन कमी जातं ते खोबरेलानेच, असं त्यात दिसलं. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं, बाकीची दोन वरच राहतात. अभ्यास करणारे खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते हे खरं, पण माझ्या केसांची टोकं त्यांच्या बाजूने आहेत. कांदा, बदाम, अमुक अर्क घातलेली तेलं घ्यायच्या आधी बाटली उलटी करून बघा. बऱ्याचदा पहिलं नाव मिनरल ऑइलचं निघतं.

पाथर्डी फाटा
आमच्याकडे नळाला पाणी थोडाच वेळ, बाकी सगळं बोअर. शॉवरच्या भोकांवर पांढरी खपली चढते, नखाने खरवडली की भुकटी पडते. तेच क्षार डोक्यावर बसतात. अशा पाण्यात साबणाने न्हायलं की साका धरतो आणि केस चिकटही होतात, राठही. शाम्पूचं तसं होत नाही. त्यातही मी मागच्या बाजूला डायसोडियम ईडीटीए आहे का बघते, ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवतं. पुष्कळ स्वस्त शाम्पूंत ते असतं. नळाची एक बादली सकाळीच भरून ठेवायची आणि शेवटचे तांबे तिच्यातले घ्यायचे. कंडिशनर कानाच्या खाली, टाळूला नाही. बस्स.

सिडको, मेडिकल चालवतो
काउंटरच्या या बाजूने लिहितो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "कोंड्याचं काहीतरी भारी द्या." भारी म्हणजे महाग, असा समज. कोंड्यामागे बहुतेक वेळा मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते. ती सगळ्यांच्याच टाळूवर राहते, काहींना त्रास देते. त्यावर किटोकोनॅझोल 2 टक्के शाम्पू चालतो, आणि जेनेरिकमध्ये तो फॅन्सी शाम्पूपेक्षा स्वस्त पडतो. पण लोक तो लावतात आणि लगेच धुतात! औषध आहे ते, टाळूवर तीन ते पाच मिनिटं राहू द्या. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. मग गरजेपुरता. खपल्या जाड असतील, लाली कानामागे नाहीतर भुवयांत उतरली असेल, तर मला विचारू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

आणि एक. 22 सप्टेंबर 2025 पासून शाम्पू आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झालाय. बिल बघत जा.

पंचवटी
मी आजी आहे, जपून बोला. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, थोडा नागरमोथा, कपूरकाचरी, हे सगळं काष्ठौषधीवाल्याकडून सुटं घेते, गिरणीतून दळून आणते. रात्री भिजत घालायचं, सकाळी उकळायचं, फडक्यातून गाळायचं. गाळणं टाळलंत तर दिवसभर केसातून भुगा झटकत बसाल. डोळ्यात गेलं तर विचारू नका. शिकेकाई-रिठ्याचा फेस तो तुमच्या शाम्पूएवढा होत नाही, पण मळ निघतो. मात्र कोंड्यावर तेल चोळू नका म्हणतात ते मला पटत नाही. आम्ही जन्मभर चोळलं.

सिडको, मेडिकल
आजी, नमस्कार करून सांगतो. ती बुरशी टाळूच्या तेलातल्या स्निग्ध आम्लांवरच जगते. तेलाने कोंडा ओला होऊन दिसेनासा होतो, म्हणून बरं वाटतं. केसांना लावा की तेल, कोण नको म्हणतंय? कोंडा असेतो टाळू सोडा.

पंचवटी
बघते. नातवावर आधी करून बघते.

सातपूर
एमआयडीसीत शिफ्ट, डोक्यावर दिवसभर हेल्मेट. घामाने टाळू खाजते. मी रोज धुतो, एक-दोन रुपयांच्या पुडीतल्या सौम्य शाम्पूने, आणि रोज धुतल्याने टक्कल पडतं हे ऐकून ऐकून कंटाळलोय. न्हाणीघरात दिसतात ते आधीच सुटलेले केस. दिवसाला पन्नास ते शंभर गळणं नॉर्मल धरतात. हेल्मेटखाली सुती रुमाल बांधा, तो मात्र रोज धुतलेला हवा. आणि रामकुंडावर मुंडण करून आलेल्या आमच्या मित्रासाठी: केस दाट आलेले नाहीत रे, टोकं बोथट आहेत म्हणून तसं वाटतंय. मुळाला वस्तऱ्याचं काही कळत नाही.

म्हसरूळ
उवांवर कुणीच लिहिलं नाही, जणू नाशकात शाळाच नाहीत! मुलीच्या डोक्यात दर जूनला हजेरी. मेडिकलमधलं परमेथ्रिन 1 टक्का लावते. लिखा सगळ्या मरत नाहीत, म्हणून आठवडा-दहा दिवसांनी परत लावायचं, हे बहुतेक जण विसरतात आणि औषधाला नावं ठेवतात. खरं काम फणीचं. ओल्या केसांना कंडिशनर फासायचा, उजेडात बसवायचं, बटेबटेने फणी ओढायची, पांढऱ्या फडक्यावर पुसायची. काय निघालं ते फडक्यावर दिसतंच. घरातल्या सगळ्यांची डोकी तपासा, आजोबांचंसुद्धा.

नाशिकरोड
बाबांनी काळ्या मेंदीची पुडी लावली, दुसऱ्या दिवशी कपाळ सुजलं, डोळे मिटले. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस येतो, काळा येत नाही. काळ्या पुडीत बहुधा पीपीडी हे रंगरसायन असतं आणि काहींना त्याची जबर ॲलर्जी होते. पूर्वी कधी झालं नाही म्हणून पुढे होणार नाही असं नसतं. कानामागे ठिपका लावून 48 तास थांबा, दर वेळी. बाबा आता पांढरेच ठेवतात, रुबाबदार दिसतात.

इंदिरानगर
डेंग्यूतून उठले आणि अडीच-तीन महिन्यांनी मूठमूठ केस हातात. शेजारच्या काकूंनी चार तेलं सुचवली. त्वचेच्या डॉक्टरांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायला सांगितलं, एवढंच. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन यानंतर पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात, बहुतेकांचे परत येतात. वाढ महिन्याला सेंटिमीटरभर, त्यामुळे धीर धरा. कपाळाशी बारीक केस अँटिनासारखे उभे राहिलेत, क्लिपा लावून वैतागलेय. पण रुपयाएवढी गोल गुळगुळीत जागा दिसली तर ती चाई, तिथे लसूण चोळत बसू नका, लगेच दाखवा.

धागाकर्ती, गंगापूर रोड
इंदिरानगरच्या ताई, त्या बारीक केसांना कोरफड जेलचं एक बोट पुरतं, क्लिपा नकोत. दिंडोरी, निफाडकडच्या कुणी अजून लिहिलेलं नाही. थंडीत बागेत काम करताना डोकं कशाने बांधता, आणि बोअरचं पाणी तापवून न्हाता की कसं?